हलकं पिस्तूल, जड धक्का

टेक्ससमध्ये राहणाऱ्या माझ्या एका मित्राने गेल्या वर्षी बायकोसाठी पिस्तूल घ्यायचं ठरवलं. तिची नोकरी रात्रपाळीची, पार्किंग लांब, आणि त्या राज्यात अंगावर झाकून पिस्तूल बाळगणं कायदेशीर. दुकानात त्याने सगळ्यांत लहान आणि हलकं पिस्तूल हातात घेतलं आणि म्हणाला, "अगं, हे बघ, किती नाजूक आहे! तुझ्या हाताला अगदी बरोबर." हात नाजूक, म्हणून पिस्तूलही नाजूक हवं, असा त्याचा साधा हिशोब होता. असंख्य नवरे असाच विचार करतात. भौतिकशास्त्र मात्र नेमकं उलटं सांगतं.

होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते. होडी जितकी हलकी, तितकी ती जोरात सरकते. गोळी आणि पिस्तुलाचं नातं हेच आहे. ९ मिलिमीटरच्या काडतुसातली नेहमीची गोळी साधारण ८ ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने बाहेर पडते. तिच्यामागून जळलेल्या दारूचा वायू सुसाटतो. दोन्हींचा मिळून संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, होतो सुमारे ३ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद, आणि तेवढाच संवेग उलट दिशेने पिस्तुलाच्या वाट्याला येतो. पिस्तूल एक किलोचं असेल तर ते सेकंदाला ३ मीटर वेगाने मागे येऊ पाहतं आणि त्याची ऊर्जा भरते साडेचार ज्यूल. तेच काडतूस अर्ध्या किलोच्या पिस्तुलात घातलं तर वेग ६ मीटर आणि ऊर्जा ९ ज्यूल. वजन निम्मं केलं की हातावर येणारी ऊर्जा दुप्पट झाली. गोळी तीच, फक्त होडी हलकी.

त्यात आणखी एक भर पडते. नळी मुठीच्या वरच्या बाजूला असते, त्यामुळे धक्का सरळ मागे न येता मनगटाभोवती फिरतो आणि नळीचं तोंड वर उडतं. लहान पिस्तुलाची मूठही आखूड असते, करंगळीला धरायला जागाच उरत नाही. पकड तीन बोटांऐवजी दोनच बोटांची होते. म्हणजे ज्या हाताला आधाराची सर्वांत जास्त गरज, त्यालाच सर्वांत कमी आधार.

आता चाप. स्मिथ अँड वेसनचं ६४२ हे खिशात मावणारं रिव्हॉल्व्हर अमेरिकेत वर्षानुवर्षं 'बायकांसाठी उत्तम' म्हणून सुचवलं जातं. वजन जेमतेम ४०० ग्रॅम. काडतुसावर आघात करणारा घोडा आत झाकलेला असल्यामुळे तो अंगठ्याने आधी मागे ओढता येत नाही, दर वेळी चाप शेवटपर्यंत ओढावा लागतो, आणि त्यासाठी लागणारा जोर पाच किलोच्या आसपास असतो. स्वतःच्या वजनाच्या दहा-बारा पट जोराने एका बोटाने ओढलेली वस्तू हातात स्थिर कशी राहणार? नळी इकडेतिकडे हलते आणि गोळी निशाण सोडून जाते. नेमबाजीत मुरलेल्या माणसालाही हे रिव्हॉल्व्हर कठीण जातं, आणि आपण ते नवशिक्या हातात देतो. याचा मला खरोखर राग येतो.

रिव्हॉल्व्हर सुचवण्यामागे आणखी एक समजूत असते, की बायकांना पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग, मागे ओढता येत नाही; रिव्हॉल्व्हरला ती नसतेच. स्त्रियांच्या पकडीची ताकद सरासरीने पुरुषांच्या ६० टक्क्यांच्या आसपास असते, हे खरं आहे. पण स्लाइड जड का लागते, हेही पाहायला हवं. वॉल्थर पीपीकेसारख्या पिस्तुलात गोळी सुटताना स्लाइडला फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग थोपवून धरतात, म्हणून स्प्रिंग कडक लागते. अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगच्या रचनेत नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकून थोडं अंतर बरोबरच मागे येतात, मग नळी खाली झुकते आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. तोवर दाब उतरलेला असतो, त्यामुळे स्प्रिंग मऊ ठेवता येते. म्हणूनच कमी ताकदीचं काडतूस असलेलं पीपीके कधीकधी मोठ्या ९ मिलिमीटरच्या पिस्तुलापेक्षा हाताला जास्त झोंबतं. २०१८ मध्ये स्मिथ अँड वेसनने शील्ड ईझेड नावाचं पिस्तूल आणलं, ते कमजोर हातांनाही स्लाइड ओढता यावी म्हणूनच. शिवाय यात युक्तीचा भागही मोठा आहे. पिस्तूल छातीजवळ घेऊन, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, एका हाताने स्लाइड घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने मूठ पुढे ढकलायची. चिमटीतून ओढण्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं.

मित्राच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, नेमबाजीच्या रेंजवरच्या प्रशिक्षक बाईंनी जे करून दाखवलं ते मी शेजारी उभं राहून पाहिलं. बाईंनी मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत, खऱ्या काडतुसांच्या मधेच एक नकली काडतूस भरलं, कितवं ते सांगितलं नाही. पहिली गोळी सुटली, दुसरी सुटली. तिसऱ्या वेळी नुसता 'टक्' आवाज आला. धक्का नव्हताच, तरीही नळीचं तोंड दोन बोटं खाली गेलं. वहिनी स्वतःच थबकल्या. मेंदूने धक्क्याचा अंदाज बांधून मनगटाला आधीच इशारा दिला होता, आणि चाप दबता दबता हात खाली ढकलला गेला होता. पिस्तूल जितकं झोंबतं, तितकी ही सवय लवकर लागते आणि सुटायला तितकीच अवघड जाते. त्याच दुपारी त्यांनी रेंजवरची भाड्याची पाच पिस्तुलं चालवून पाहिली. सर्वांत हलक्याच्या चार गोळ्यांनंतर अंगठ्यामागची कातडी लाल झाली होती. सर्वांत जड, पोलादी पिस्तुलाने त्यांचे नेम मुठीएवढ्या जागेत बसले.

पिस्तूल निवडताना पाहायचं ते हे. मूठ धरल्यावर तर्जनीचं पेर चापावर सहज टेकतं का? मॅगझिनचं बटण पकड न सोडता दाबता येतं का? हाताचं माप ज्याचं त्यानेच घ्यावं लागतं, जोड्यासारखं. बायकोच्या चपला आपण तिच्या माघारी आणत नाही.

आवाजाकडे आणि शिशाकडेही लक्ष हवं. ९ मिलिमीटरच्या एका बाराचा आवाज १६० डेसिबलच्या घरात जातो, आणि १४० च्या पुढे एकच बारही कानाला कायमचा अपाय करू शकतो. बहुतेक काडतुसांच्या, दारू पेटवणाऱ्या टोपीत शिशाचं संयुग असतं. ते धुराबरोबर हवेत, हातांवर आणि कपड्यांवर येतं आणि तिथून घरातल्या मुलांपर्यंत पोहोचतं. गर्भाच्या कानांना मात्र आपल्यासारखं आवाज अडवणारं कानझाकण घालता येत नाही आणि शिसं नाळेतून बाळापर्यंत जातं. गरोदरपणात रेंजवर जाणं टाळलेलंच बरं.

आपल्याकडे २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध कारखान्याने 'निर्भीक' हे .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून आणलं. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात. तिथेही जाहिरातीचा भर हलकेपणावर आणि पर्समध्ये मावण्यावरच होता. अमेरिकेतल्या आपल्या लोकांनी कायद्याची एक बाब लक्षात ठेवावी. एच-१बी (नोकरीच्या) किंवा एच-४ (त्यांच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावर असताना, मोजके अपवाद सोडले तर, पिस्तूल घेणं आणि बाळगणं दोन्ही संघीय कायद्याने मना आहे. ग्रीनकार्ड मिळाल्यावर ही आडकाठी उरत नाही.

आणि एक आकडा, जो दुकानात कुणी सांगत नाही. कॅलिफोर्नियातल्या लाखो लोकांची २००४ ते २०१६ या काळातली माहिती तपासणारा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःकडे हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) नाही, पण ती बाळगणाऱ्याबरोबर एका घरात राहतात, अशा लोकांचा जोडीदाराच्या गोळीने मृत्यू होण्याचं प्रमाण, ज्या घरात हँडगन नाही तिथल्यांच्या सातपट निघालं, आणि त्या बळींत ८४ टक्के स्त्रिया होत्या. बायकोच्या रक्षणासाठी आणलेली वस्तू घरात चोवीस तास असते. बाहेरचा हल्लेखोर कदाचित कधीच येणार नाही.

पर्सचंही तसंच. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यातल्या एका सुपरमार्केटमध्ये दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं, चाप दबला आणि आई जागीच गेली. पर्स पिस्तूल ठेवण्यासाठीच बनवलेली होती. चाप पूर्ण झाकणारं कडक म्यान अंगावर असेल, तर पिस्तूल निदान आपल्या हाताखाली राहतं. पर्स खांद्यावरून उतरते, ट्रॉलीत जाते, खुर्चीला टांगली जाते.

रेंजवरून परतताना मित्राने गाडीतच विचारलं, "मग ते जडवालं घेऊन टाकू का उद्या?" त्यांचा मुलगा मागच्या सीटवर झोपला होता. वहिनींनी एकदा वळून त्याच्याकडे पाहिलं.

"पिस्तुलाचं नंतर बघू रे. आधी घरात तिजोरी येऊ दे, आणि तिचा आकडा फक्त मला माहीत असेल."