हाडं ठिसूळ होतात म्हणजे काय, हे पेशंटला किती माहितीये ते मोजायचं कसं?

"ऑस्टिओपोरोसिसबद्दल माहितीये ना?" असं विचारलं की बहुतेक पेशंट "हो, हाडं ठिसूळ होतात" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. पण या 'हो'मध्ये नक्की काय काय आहे ते कळायचं कसं? त्यासाठी संशोधकांनी चक्क प्रश्नपत्रिका बनवल्यात, 1991 मध्ये किम, होरान आणि गेंडलर यांची 24 प्रश्नांची टेस्ट आली, मग 2003 मध्ये ऑस्ट्रेलियातून ओकॅट नावाची 20 प्रश्नांची आली, तिच्यात प्रत्येक वाक्यापुढे बरोबर, चूक किंवा माहीत नाही यावर टिक करायची.

मला यातलं 'माहीत नाही' फार महत्त्वाचं वाटतं. ते नसेल तर नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली तरी 20 पैकी सरासरी 10 मार्क मिळतात, मग 11 मार्क मिळवणाऱ्याला खरंच काही येतं की नशीब चांगलं होतं, काय सांगणार?

एक प्रश्न बघा. "ऑस्टिओपोरोसिस झाला की फ्रॅक्चर व्हायच्या आधीच हाडं दुखायला लागतात." बरोबर की चूक? चूक! हा आजार गुपचूप वाढतो, मनगट, खुबा किंवा मणका मोडेपर्यंत सहसा काहीच जाणवत नाही, आणि मणक्याचं फ्रॅक्चर तर बऱ्याचदा झालेलंही कळत नाही, फक्त उंची कमी होते किंवा पोक येतं. आता या प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला एकदा नीट सांगितलं की काम होतं. पण 'बरोबर' वर ठाम टिक करणारी बाई "मला कुठे काय दुखतंय" म्हणून डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, टाळणार. तिच्या डोक्यातलं आधी काढावं लागतं आणि मग नवीन घालावं लागतं. मार्क मात्र दोघांनाही शून्यच! एकूण मार्क बघून थांबणं मला म्हणूनच पटत नाही, कुठला प्रश्न कसा चुकला ते बघायलाच हवं.

प्रश्नपत्रिका स्वतः किती भरवशाची आहे तेही तपासतात. त्याच माणसाला दोन-तीन आठवड्यांनी तीच दिली, मधे कोणी काही शिकवलं नाही, तर मार्क साधारण तेवढेच यायला हवेत. आणि जो प्रश्न सगळ्यांनाच येतो किंवा कोणालाच येत नाही तो काढलेला बरा, त्याने माणसामाणसातला फरक कळत नाही.

भाषांतरात तर खरी गडबड होते. मराठीत गुडघ्याची कूर्चा खराब झाली तरी आपण "हाडं झिजलीत" म्हणतो आणि हाडांची घनता कमी झाली तरी "हाडांची झीज" च म्हणतो. पहिला संधिवाताचा प्रकार, दुसरा ऑस्टिओपोरोसिस, दोन्ही पूर्ण वेगळे. प्रश्नात 'झीज' शब्द घातला की पेशंट गुडघा डोळ्यापुढे आणून उत्तर देणार, आणि मग तुम्ही नक्की कशाचं ज्ञान मोजलंत? म्हणून भाषांतर झालं की दुसऱ्याच कोणाकडून ते परत मूळ भाषेत करून घेतात आणि मग थोड्या पेशंटसोबत बसून "हे वाचून तुम्हाला काय वाटलं?" असं विचारतात. हे दुसरं तर अजिबात चुकवू नये.

आणि कागदावर येणं वेगळं, करता येणं वेगळं. अ‍ॅलेंड्रोनेट या ऑस्टिओपोरोसिसवरच्या औषधाची गोळी सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास काही खायचं नाही, आडवं पण व्हायचं नाही, कारण गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम होऊ शकते. चहासोबत घेतली तर औषध अंगाला फारसं लागतच नाही. 20 पैकी 20 मिळवणारा माणूसही गोळी चहासोबत घेऊन परत अंथरुणात शिरत असू शकतो, हे टिक करून कळणारच नाही. त्यासाठी समोर बसून विचारावं लागतं, "उद्या सकाळी ही गोळी कशी घेणार, मला सगळं सांगा बरं," आणि मग मधे न बोलता ऐकायचं.