ठिपके आणि रांगोळी: लॅटिस कशाला म्हणायचं, स्ट्रक्चर कशाला

सीझियम क्लोराइड हे एक मीठच. पण मी पहिल्यांदा त्याची घनता काढली तेव्हा ते लोखंडापेक्षा जड निघालं. माझं उत्तर ७.९८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, लोखंडाची घनता ७.८७. गुणाकार दोनदा तपासले, बरोबर होते. चूक त्याच्या आधीच झाली होती. चित्रात घनाच्या आठ कोपऱ्यांवर गोळे आणि मधोमध एक गोळा दिसला, तशी मी ‘बीसीसी’ (कायकेंद्रित घन) म्हणून मोकळी झाले आणि युनिट सेलमागे, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या डब्यामागे, दोन सीझियम क्लोराइड धरून पुढं गेले.

सांगायला कुणी नव्हतं. एनसीईआरटीनं अभ्यासक्रम कमी करताना बारावीच्या रसायनशास्त्रातला घनावस्थेचा धडा काढून टाकला, आणि आमच्या बेळगावातली पीयूसीची (कर्नाटकातली अकरावी-बारावी) पुस्तकं त्याच वळणाची. शिनोळी ओलांडून चंदगडकडे गेलं की महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकात हाच पहिला धडा. मामेबहिणीचं जुनं पुस्तक आणलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकटीच शिकायला बसले. ज्या दोन शब्दांनी मला सगळ्यात जास्त दमवलं ते म्हणजे लॅटिस आणि स्ट्रक्चर. मराठीत जालक आणि रचना. नुसतं भाषांतर करून मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

कळलं ते दारातल्या रांगोळीवरून. दिवाळीत मी ठिपके घालून फोनवर बोलत उभी होते. आत्या बाहेर आली आणि म्हणाली, “ठिपके तेवढे घातलीस, खरं रांगोळी कुठं काढलीस अजून?” (आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’.)

लॅटिस म्हणजे ते ठिपके. त्यात अणू नसतात, आयन नसतात, वजनही नसतं. नुसत्या जागा असतात, आणि त्यांना अट एकच: कुठल्याही ठिपक्यावर उभं राहून चहूकडे पाहिलं तर दृश्य तेच, त्याच दिशांना तेच दिसलं पाहिजे. प्रत्येक ठिपक्याशी जो अणू किंवा अणूंचा गट बांधायचा, त्याला बेसिस म्हणतात. ठिपके आणि बेसिस मिळून झाली रांगोळी, म्हणजे स्ट्रक्चर. त्रिमितीत असे ठिपके मांडायचे प्रकार फक्त १४, हे ऑग्युस्त ब्राव्हेनं १८४८ साली दाखवलं. त्याच १४ जाळ्यांवर रांगोळ्या मात्र हव्या तितक्या काढता येतात.

मग घोळ होतो कुठं? माझ्या मते पहिल्याच पानावर. पुस्तकं सुरुवात करतात पोलोनियम, लोखंड आणि तांब्यानं. या धातूंत प्रत्येक ठिपक्यावर एकच अणू बसतो, त्यामुळे ठिपक्यांचं चित्र आणि अणूंचं चित्र हुबेहूब एक दिसतं. डोळ्यांना सवय लागते की गोळा दिसला म्हणजे ठिपका. पुढं दोन प्रकारचे गोळे आले की ही सवय अंगाशी येते.

मी ती हरभऱ्यांनी मोडली. रात्री काबुली आणि साधे तपकिरी, असे दोन्ही हरभरे भिजत घातले आणि सकाळी टूथपिकांनी घन बांधायला बसले. आधी नऊच्या नऊ काबुली: आठ कोपऱ्यांवर, एक मध्ये. मधल्या हरभऱ्यावर जाऊन बसा. जवळचे शेजारी आठ, सगळे पांढरे. आता कोपऱ्यावरच्या हरभऱ्यावर बसा आणि भोवतीचे घन मनात पूर्ण करा. त्यालाही आठच शेजारी, तेही पांढरे आणि त्याच दिशांना. दोन्ही जागा सारख्या, म्हणून दोन्ही ठिपके. ही खरी बीसीसी, लोखंडाची.

आता मधला काढून तिथं तपकिरी हरभरा खोचा. कोपऱ्यावरून पाहिलं तर आठ तपकिरी शेजारी, मधून पाहिलं तर आठ पांढरे. दृश्य बदललं, म्हणजे मधली जागा ठिपका उरली नाही. लॅटिस साधी घनाकृती, आणि प्रत्येक ठिपक्याशी एक पांढरा-तपकिरी जोडा. हेच सीझियम क्लोराइड. कोपऱ्यावरचा हरभरा आठ घनांत वाटलेला असतो, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला एक-अष्टमांश. (एकच गोष्ट अनेकांनी आपली म्हणायची, हे आम्हा सीमाभागातल्यांना फार समजावून सांगावं लागत नाही.) आठ गुणिले एक-अष्टमांश, म्हणजे युनिट सेलमागे एकच सीझियम क्लोराइड. बाजू ४.१२३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), सूत्रभार १६८.३६, घनता ३.९९. माझं लोखंड बरोबर निम्म्यावर आलं.

साध्या मिठात नेमकी उलटी फसगत होते. सोडियम आणि क्लोराइड एकाआड एक दिसतात, म्हणून छोट्या घनाकडे बोट दाखवून ‘साधी घनाकृती’ म्हणावंसं वाटतं. पण तुम्ही सोडियम असाल तर बाजूचा शेजारी तुमच्यासारखा नाही. तुमच्यासारखा सगळ्यात जवळचा भेटतो तो फलकाच्या, म्हणजे घनाच्या एका चौकोनी बाजूच्या, कर्णावर. नुसते सोडियम जोडत गेलात की फलककेंद्रित जाळं, म्हणजे एफसीसी, उभं राहतं आणि प्रत्येक ठिपक्यासोबत एक क्लोराइड येतो. युनिट सेलमध्ये चार सूत्रएकक, बाजू ५.६४ अँगस्ट्रॉम, घनता २.१६. स्वयंपाकघरातल्या मिठाची घनता हीच.

इथं क्ष-किरणही फसतात, हे वाचल्यावर मला जरा धीर आला. १९१३ साली लॉरेन्स ब्रॅगनं असले स्फटिक तपासले तेव्हा सोडियम क्लोराइड फलककेंद्रित दिसलं, पण पोटॅशियम क्लोराइड साधं घनाकृती. रचना तर दोन्हींची एकच. फरक एवढाच की पोटॅशियम आयनात १८ इलेक्ट्रॉन आणि क्लोराइड आयनातही १८. क्ष-किरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनांवरून, त्यामुळे त्यांच्या लेखी दोन्ही हरभरे पांढरेच. ब्रॅगनं ते ओळखलं. १९१५ साली वडिलांसोबत नोबेल मिळालं तेव्हा तो २५ वर्षांचा होता.

बाकीचे नमुने भराभर. मधमाशीच्या पोळ्याची नक्षी लॅटिस नाही, कारण एका कोपऱ्यावर तीन रेषा एका तऱ्हेनं फुटतात आणि शेजारच्या कोपऱ्यावर उलट्या. ग्राफिन म्हणजे याच नक्षीचा कार्बनचा एक-अणू जाडीचा थर, त्यात म्हणूनच ठिपक्यामागे दोन कार्बन. मॅग्नेशियम, जस्त यांची एचसीपी (षट्कोनी, घट्ट रचलेली मांडणी) हीसुद्धा लॅटिस नाही. ब्राव्हेच्या १४ मध्ये ती शोधत बसू नका, मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. तिची लॅटिस साधी षट्कोनी आणि बेसिस दोन अणूंचा. वेगळ्या रंगाचा हरभरा नसला तरी ठिपके आणि अणू वेगळे असू शकतात, हे मला इथं पटलं.

एक तक्रार पुस्तकांबद्दल. ‘लॅटिस एनर्जी’ हा शब्द सगळीकडे आहे, पण ठिपक्यांना कसली ऊर्जा? ती आयनांच्या रचनेची. शब्द रुळलाय, आता बदलणार नाही. तिथं लॅटिसच्या जागी मनात स्ट्रक्चर वाचायचं.

एकट्यानं शिकणाऱ्यासाठी एक सोपी खूण आहे. ‘व्हेस्टा’ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, त्यात कुठल्याही स्फटिकाची फाइल उघडा आणि स्पेस ग्रुपच्या (स्फटिकाच्या सममितीच्या प्रकाराच्या) नावाचं पहिलं अक्षर बघा. पी म्हणजे साधी लॅटिस, आय म्हणजे कायकेंद्रित, एफ म्हणजे फलककेंद्रित. लोखंडाला आय येतो, सीझियम क्लोराइडला पी आणि मिठाला एफ. गोळे कितीही दिसोत, लॅटिस ते अक्षर सांगतं.

हिऱ्यालाही एफच येतो. बाजू ३.५६७ अँगस्ट्रॉम आणि कार्बनचा अणुभार १२.०११ घेऊन त्याची घनता काढून बघा. १.७६ आली तर तुम्ही ठिपके मोजलेत, ३.५२ आली तर अणू.