कुठे लाकूड उरलं, कुठे नुसतं नाव

तंतुवाद्य मुळातच नाशवंत. लाकूड, कातडं, आतड्याची तात आणि सरस, एवढ्यावर सगळा डोलारा. ओल लागली की सरस सुटतो, तात सैल पडते, तबली म्हणजे वरची पातळ फळी वाकते. ल्यूट हे गोल पाठीचं, तारा छेडून वाजवायचं युरोपी वाद्य. ल्यूटवादक टॉमस मेस यांनी १६७६ साली सल्ला दिला होता की, दिवसा ल्यूट रोजच्या वापरातल्या अंथरुणात, पांघरुणाखाली ठेवावं, म्हणजे ते कोरडं राहतं. फक्त त्यावर कोणी बसणार नाही याची काळजी घ्यावी. धडधाकट वाद्याला इतकं जपावं लागत असेल, तर हजारो वर्षं मातीत पडलेल्या वाद्याचं काय होणार? म्हणून जुनं तंतुवाद्य सबंध असं जवळजवळ मिळतच नाही. एखादा अंश मागे राहतो: कुठे आकार, कुठे नाव, कुठे त्यावर वाजणाऱ्या रचना.

इराकमध्ये उर इथल्या राजघराण्याच्या दफनभूमीत पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वुली यांना १९२०च्या दशकात लायर सापडले. दोन भुजा, त्यांना जोडणारी आडवी दांडी आणि तिथून खाली ताणलेल्या तारा, असं हे वाद्य. ते सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. लाकूड कधीच कुजून गेलं होतं, पण त्याच्या जागी मातीत पोकळी राहिली होती. वुलींनी त्या पोकळीत पातळ प्लास्टर ओतलं. ते घट्ट झाल्यावर भोवतालची माती काढली आणि वाद्याचा आकार उभा राहिला. बैलाचं सोन्याचं मस्तक, लाजवर्दी दाढी, शिंपल्यांचं जडावकाम हे सगळं जागच्या जागी होतं. खुद्द वाद्य मात्र त्या प्लास्टरच्या सावलीपुरतंच उरलं होतं. त्याच उरमध्ये नंतरच्या काळातली, इसवी सनपूर्व १८००च्या सुमाराची मातीची एक पाटी मिळाली. तिच्यावर नऊ तारांचं वाद्य लावण्याची रीत आहे: अमुक दोन तारांचा मेळ स्वच्छ लागत नसेल, तर अमुक तार चढवा. हे वाचताना वाद्य मांडीवर घेऊन बसलेला शिष्य डोळ्यांपुढे येतो.

अंदाज चुकतो तेव्हा काय होतं, हे सटन हू इथल्या वाद्यानं दाखवलं. इंग्लंडमधल्या या जहाज-दफनात १९३९ साली मेपलच्या लाकडाचे थोडे तुकडे मिळाले. वाद्य बीव्हरच्या कातड्याच्या पिशवीत ठेवलेलं होतं. तुकडे जोडून १९४०च्या दशकात त्याची एक छोटी हार्प, म्हणजे वाकड्या दांडीला तारा बांधलेलं वाद्य, बनवली गेली, आणि ती अँग्लो-सॅक्सन हार्प म्हणून लोकांपुढे आली. पुढे त्याच तुकड्यांचा नव्यानं अभ्यास झाला आणि ध्यानात आलं की ही हार्प नव्हे, हा सहा तारांचा लायर आहे. जर्मनीत ट्रोसिंगेन इथे २००१-०२च्या हिवाळ्यात त्याच घराण्यातला लायर एका योद्ध्याच्या कबरीत जवळजवळ अखंड मिळाला. पाणथळ जमिनीनं तो राखला होता. खुंट्या आणि घोडीसुद्धा जागेवर. कबरीच्या लाकडातल्या वर्तुळांवरून तिचं साल निघालं ५८०. या लायरवर कोरीव योद्धे आहेत आणि वापरानं झालेली झीजही आहे. मला त्या नक्षीपेक्षा ती झीज मोलाची वाटते.

वीणेची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तिथे नाव टिकलं आणि वाद्य गेलं. भारहुत, सांचीच्या शिल्पांत दिसणारी वीणा धनुष्याकृती आहे. कमानीसारखी वाकलेली दांडी, खाली कातड्यानं मढवलेलं पोकळ खोड, मध्ये ताणलेल्या तारा. तिला पडदे नाहीत. प्रत्येक स्वराला स्वतंत्र तार. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा बसून वाजवतो आहे ती हीच. नाट्यशास्त्रातली चित्रा वीणा सात तारांची, बोटांनी वाजणारी, तर विपंची नऊ तारांची, कोणानं म्हणजे नखीनं वाजणारी. पहिल्या सहस्रकाच्या अखेरीपर्यंत ही घडण भारतात मागे पडली आणि सरळ दांडीच्या, पुढे पडद्यांच्या वाद्यांनी 'वीणा' हे नाव घेतलं. जुन्या ग्रंथातला 'वीणा' शब्द वाचून आपण आजची वीणा डोळ्यांपुढे आणतो, तो घोटाळा इथला. वाद्य मात्र मेलं नाही. म्यानमारमध्ये साउंग गाउक या नावानं ते आजही वाजतं: नावेसारखा देह, वर हरणाचं कातडं, तारांच्या टोकांना लाल गोंडे. अफगाणिस्तानातल्या नुरिस्तानात त्याचा आणखी एक भाऊबंद आहे, वाजी.

सोळाव्या शतकातल्या स्पेनमधल्या विहुएलाचं तिसरंच. दिसायला गिटारसारखं, लावायला ल्यूटसारखं, सहा जोडतारांचं हे वाद्य दरबारात मानाचं होतं. १५३६ साली लुईस मिलान यांचा संग्रह छापला गेला, १५७६ साली एस्तेबान दासा यांचा. या चाळीस वर्षांत असे सात संग्रह निघाले आणि त्यांत शेकडो रचना आहेत. वाद्यं किती उरली? विहुएला म्हणून ओळखली जाणारी जेमतेम तीन. दोन पॅरिसमध्ये, आणि एक इक्वेडोरच्या कीतो शहरातल्या चर्चमध्ये, जिथे ते एका संत स्त्रीची आठवण म्हणून जपलं गेलं. संगीत एवढं भरभरून शिल्लक आणि ते वाजवायचं साधन मूठभरसुद्धा नाही.

ल्यूटचं दुर्दैव असं की ते आवडीपायी मोडलं गेलं. बोलोन्यातले कारागीर लाउक्स मालर १५५२ साली वारले तेव्हा त्यांच्या कारखान्यात हजाराहून अधिक ल्यूट असल्याची नोंद आहे. त्यांतली आज मोजकीच उरली आहेत, आणि तीही मूळ रूपात नाहीत. त्यांच्या गोलसर पाठीचा आवाज इतका वाखाणला गेला, की पुढच्या पिढ्यांनी ती पाठ ठेवून मान बदलली, जास्त तारा चढवल्या. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये हर्डी-गर्डीची, म्हणजे फिरत्या चाकानं तारा घासून वाजणाऱ्या वाद्याची हौस वाढली, तेव्हा व्हर्सायच्या बातों नावाच्या कारागिरानं जुन्या गिटार आणि ल्यूटच्या देहांवर चाकं बसवली. ज्या लाकडातून छेडलेली तार बोलत होती, त्याच लाकडातून घासलेली तार बोलू लागली.

१८९३ साली जुन्या वाद्यांचे अभ्यासक आणि कारागीर आर्नल्ड डोल्मेच यांनी आपलं पहिलं ल्यूट बनवलं तेव्हा ते शिकवायला गुरू नव्हता. वादनाची परंपरा कधीच तुटली होती. मापं संग्रहालयातल्या वाद्यांवरून मिळाली. हात कसा ठेवायचा हे पुढच्या वादकांना जुन्या लेखनातून आणि चित्रांतून शोधावं लागलं. त्या चित्रांत वादकाच्या उजव्या हाताची करंगळी तबलीवर अलगद टेकलेली असते.