सगळं न चाळता शोधायचं कसं?

'रात्री झोप लागत नाही' असं शोधलं आणि संग्रहातला त्या विषयावरचा सगळ्यात चांगला लेख 'निद्रानाशाची कारणे' या नावाने पडून असला, तर जुन्या पद्धतीच्या शोधात तो सहज निसटतो. शोध आणि शीर्षक यांत एकही शब्द सारखा नाही. ही जुनी पद्धत शब्दसूचीवर चालते: प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या दस्तऐवजांत आलाय याची यादी. अर्थ तिला कळत नाही, पण वेगात तिचा हात कोणी धरत नाही. ज्या दस्तऐवजात शब्दच नाही, त्याच्याकडे ती ढुंकूनही पाहत नाही.

2018 साली गूगलच्या संशोधकांनी 'बर्ट' हे भाषेचं मॉडेल आणलं आणि पुढच्या काही वर्षांत अर्थावरून शोधणं रुळलं. यात प्रत्येक परिच्छेदाची आकड्यांची एक लांबलचक ओळ होते, म्हणजेच व्हेक्टर. बर्टच्या छोट्या आवृत्तीत ही ओळ 768 आकड्यांची असते. मॉडेलला नीट शिकवलेलं असेल, तर ज्यांचा अर्थ जवळचा त्यांचे व्हेक्टरही जवळ येतात. मग प्रश्नाचाही व्हेक्टर काढायचा आणि त्याच्या आसपासचे परिच्छेद उचलायचे.

गोची इथेच आहे. 'आसपासचे' कोण हे ठरवायला सगळ्यांपासूनचं अंतर मोजावं लागतं. परिच्छेद एक कोटी असतील, तर एका प्रश्नामागे 768 कोटी गुणाकार. एक आकडा 4 बाइटचा धरला तर एक व्हेक्टर 3,072 बाइटचा आणि सगळा ढीग जवळजवळ 31 जीबीचा. गुणाकारांचं प्रोसेसरला फारसं ओझं होत नाही. त्याला ताटकळत ठेवते ती मेमरी, कारण दर प्रश्नाला 31 जीबी तिथून ओढून आणावे लागतात. त्यात एआय सहायक एका उत्तरासाठी असे अनेक शोध पाठोपाठ घेतो.

नकाशावरचं सर्वांत जवळचं ठिकाण अचूक आणि झटपट शोधण्याच्या युक्त्या जुन्या आहेत. पण त्या दोन-तीन मितींपुरत्या, म्हणजे जागा दोन-तीन आकड्यांत सांगता येते तिथल्या; व्हेक्टरातला प्रत्येक आकडा ही एक मिती. शेकडो मितींत त्या वापरल्या, की फिरून फिरून जवळपास सगळंच तपासावं लागतं. 'अगदी जवळचाच' हा हट्ट सोडून 'बहुधा जवळचा' चालवून घेतला तर वाट निघते, हे पिओतर इंडिक आणि राजीव मोटवानी यांनी 1998 मध्ये दाखवलं. आजची बहुतेक मोठी शोधयंत्रणा या तडजोडीवर उभी आहे.

पहिली युक्ती गटांची. एक कोटी व्हेक्टरांचे आधीच 4,000 गट पाडायचे आणि प्रत्येक गटाचा मध्य लिहून ठेवायचा. प्रश्न आला की तो आधी या 4,000 मध्यांशी ताडायचा आणि जवळचे 20 गट उघडायचे. गटात सरासरी 2,500 व्हेक्टर, म्हणजे तपासायचे राहिले फक्त 50,000. धोका उघड आहे: हवा तो परिच्छेद न उघडलेल्या शेजारच्या गटात, अगदी हद्दीला लागून असू शकतो.

दुसरी युक्ती मला सगळ्यात जास्त आवडते. फ्रान्समधल्या हर्वे जेगू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 2011 मध्ये मांडली. 768 आकड्यांच्या ओळीचे 8-8 आकड्यांचे 96 तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याच्या जागेसाठी 256 नमुने ठरवून ठेवायचे आणि खऱ्या तुकड्याऐवजी त्याच्याशी सर्वांत मिळत्याजुळत्या नमुन्याचा फक्त क्रमांक साठवायचा. 256 पैकी एक क्रमांक एका बाइटमध्ये मावतो, म्हणून 3,072 बाइटचा व्हेक्टर 96 बाइटवर येतो. खरी गंमत पुढे आहे. प्रश्न आला की त्याच्या प्रत्येक तुकड्याचं 256 नमुन्यांपासूनचं अंतर एकदाच काढून तक्ता करायचा. त्यात 24,576 नोंदी. त्यानंतर कोणत्याही परिच्छेदासाठी गुणाकार उरतच नाही. तक्त्यातले 96 आकडे वाचायचे आणि बेरीज करायची.

दोन्ही युक्त्या जोडल्या तर हिशेब असा: 50,000 परिच्छेदांचे प्रत्येकी 96 बाइट म्हणजे 4.8 एमबी, आणि गटांच्या मध्यांचे साधारण 12 एमबी. 31 जीबीच्या जागी 17 एमबी!

तिसरा मार्ग जाळ्याचा. युरी माल्कोव आणि दिमित्री याशुनिन यांनी 2016 मध्ये मांडलेल्या रचनेत प्रत्येक व्हेक्टर काही शेजाऱ्यांशी जोडलेला असतो. जाळ्याचे थर असतात. वरच्या विरळ थरात लांब उड्या मारायच्या आणि खालच्या दाट थरात जवळच्या शेजाऱ्यांकडे सरकत जायचं. वेग उत्तम, पण मेमरी भरपूर खाते आणि जुने दस्तऐवज काढून टाकणं जिकिरीचं होतं.

या साऱ्यात अचूकता थोडी गळतेच. म्हणून अंदाजी शोधातून शे-दोनशे परिच्छेद गाळून घेतात आणि मग प्रश्न व परिच्छेद एकत्र वाचणारं मोठं, संथ मॉडेल त्यांचा क्रम लावतं. ते सगळ्या संग्रहावर चालवायचं म्हटलं तर उत्तर येईपर्यंत विचारणारा निघून गेलेला असेल.

वेगाचे दावे वाचताना मी एक आकडा आधी शोधतो: पूर्ण चाळणीत जे पहिले दहा मिळाले असते, त्यातले किती या पद्धतीला सापडले? दहापैकी सहाच सापडत असतील तर त्या वेगाचं फारसं कौतुक नाही. त्यातही नावं, कलमांचे क्रमांक, यंत्रांचे मॉडेल नंबर यांत व्हेक्टर अनेकदा गोंधळतात आणि जुनी शब्दसूची तिथे बाजी मारते. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी दोन्ही शोध शेजारी शेजारी चालवून निकाल एकत्र करतात.

आणि संग्रह दहा हजार परिच्छेदांचाच असेल तर? सगळे व्हेक्टर मिळून 31 एमबी, गुणाकार 76.8 लाख. साधा लॅपटॉपही ते काही मिलिसेकंदांत उरकतो. तिथे गट, तक्ते, जाळी काहीच लागत नाही. सरळ सगळं चाळावं.