क्लाउड बदलायची वेळ आली तर? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार.

इंदूरच्या सियागंजातल्या व्यापाऱ्यांची बिले, पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट, पीथमपूरच्या कारखान्यांची ड्रॉइंग्ज हे सगळे आम्ही बनवलेल्या अ‍ॅप्लिकेशनमधून रोज कुठल्या ना कुठल्या क्लाउडवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, जमा होत असते. कोणाचे अ‍ॅमेझॉनवर, कोणाचे गूगलवर, कोणाचे मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरवर. काम सुरू करताना दर सगळेच विचारतात. उद्या तिथून निघायचे झाले तर काय, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. जीएसटीच्या हिशेबाची कागदपत्रेच वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. एवढ्या काळात क्लाउडचे दर बदलतात, कधी कंपनीच राहत नाही. अमेरिकेतल्या निर्व्हानिक्स या स्टोरेज कंपनीने सप्टेंबर २०१३ मध्ये ग्राहकांना साधारण दोन आठवड्यांत आपापला डेटा काढून घ्यायला सांगितले होते.

अडकायला होते कुठे?

फाइल ठेवायची, परत मागायची, नको असेल तर पुसायची. काम सगळीकडे हेच, पण प्रत्येक क्लाउडशी बोलायची रीत निराळी. अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्रीमध्ये फाइल बकेटमध्ये जाते, अ‍ॅझ्युअरमध्ये कंटेनरमध्ये. ओळख पटवण्याची पद्धत वेगळी, काही चुकल्यास येणारे संदेशही वेगळे. प्रोग्राममध्ये शंभर ठिकाणी थेट अ‍ॅमेझॉनची भाषा लिहिली, की क्लाउड बदलताना त्या शंभरही जागा उघडाव्या लागतात, आणि त्याचा खर्च ग्राहकावर येतो.

म्हणून आम्ही मध्ये एक ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे सगळ्यांना खुला असलेला तयार कोडचा संच, ठेवतो. आमचे बहुतेक काम पायथन या प्रोग्रामिंग भाषेत असल्याने ती अपाची लिबक्लाउड. २००९ मध्ये क्लाउडकिक नावाच्या कंपनीत तिची सुरुवात झाली, आणि २०११ पासून ती अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा स्वतंत्र प्रकल्प आहे. तिच्यात प्रत्येक क्लाउडसाठी एक ड्रायव्हर असतो. आमचा प्रोग्राम फक्त ‘ही फाइल ठेव’ एवढेच सांगतो. अ‍ॅमेझॉनला ते कसे सांगायचे आणि गूगलला कसे, हे ड्रायव्हर बघतो. सर्व्हर चालू-बंद करणे, डीएनएस (वेबसाइटच्या नावाला सर्व्हरचा पत्ता जोडणे), लोड बॅलन्सर (कामाचा भार अनेक सर्व्हरवर वाटणे) ही कामेही याच पद्धतीने होतात. गो भाषेतल्या कामांसाठी आम्ही गूगलने २०१८ मध्ये खुली केलेली गो सीडीके ही तशीच लायब्ररी वापरतो. तिच्यात फाइल साठवण्याची जागा एका पत्त्याने ठरते आणि तो पत्ता सेटिंगमध्ये बदलता येतो.

एक गोष्ट मात्र प्रत्येक ग्राहकाने समजून घ्यावी असे आम्हाला मनापासून वाटते. सगळ्या क्लाउडमध्ये जेवढे समान आहे, तेवढेच अशी लायब्ररी सारखेपणाने देऊ शकते. एखाद्या क्लाउडची खास सोय हवी असेल तर लिबक्लाउडमध्ये त्यासाठी वेगळी नावे आहेत आणि ती ‘ईएक्स’ (ex) या अक्षरांनी सुरू होतात. हा नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. तुमच्या प्रोग्राममध्ये ‘ईएक्स’ शोधले, की लिबक्लाउडमधून केलेल्या कामात त्या क्लाउडला कुठे बांधले गेलो आहोत ते लगेच दिसते. खास सोयी आम्ही टाळतोच असे नाही. कधी त्यांनी पैसे वाचतात. पण त्यांची यादी आम्ही ठेवतो आणि मागितली की देतो.

लायब्ररी वापरली म्हणून डेटा आपोआप हलत नाही. १ टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून पूर्ण वेगाने उतरवला तरी सुमारे २२ तास लागतात. प्रत्यक्षात त्याहून जास्त धरा. बाहेर जाणाऱ्या डेटाचे शुल्कही असते. कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकांना ते माफ करण्याची घोषणा गूगलने जानेवारी २०२४ मध्ये आणि अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये केली. त्याला अटी आहेत, म्हणून निघण्याआधी आम्हाला सांगा. डेटाबेसचा प्रश्नही या लायब्ररीने सुटत नाही. त्यासाठी आम्ही पोस्टग्रेएसक्यूएल हा ओपन सोर्स डेटाबेस वापरतो. तो तिन्ही क्लाउडवर मिळतो आणि आपल्या ऑफिसातल्या सर्व्हरवरही चालतो.

ही लायब्ररीच उद्या बंद पडली तर, असेही काहीजण विचारतात. असे घडते. रेड हॅटने सुरू केलेला डेल्टाक्लाउड हा याच जातीचा प्रकल्प २०१५ मध्ये थांबला. लिबक्लाउड आणि गो सीडीके दोन्ही अपाची २.० परवान्याखाली आहेत. आपल्याकडे असलेली प्रत वापरायचा, तिच्यात दुरुस्ती करायचा हक्क कोणी काढून घेऊ शकत नाही. तुम्ही वापरत असलेल्या आवृत्तीची प्रत आम्ही तुमच्या प्रोग्रामसोबतच जपून ठेवतो.

तुमचे अ‍ॅप्लिकेशन जुने असेल आणि त्यात अशी लायब्ररी नसेल, तर सगळे एकदम बदलू नका. आधी फक्त फाइल साठवण्याचा भाग बदलून घ्या. बहुतेकांचा सर्वांत जास्त डेटा तिथेच असतो. वार्षिक देखभाल कराराचे नूतनीकरण करताना ‘ईएक्स’ची यादी आणि डेटा हलवायला लागणाऱ्या वेळेचा अंदाज आमच्याकडून मागून घ्या. दोन्हींचे वेगळे पैसे लागत नाहीत.