रिंगेमागचा दाब : जुन्या डिझेल गाडीचे ट्यूनिंग करावे का?

माझ्या भाच्याकडे २०१४ सालची डिझेल स्विफ्ट आहे आणि तिच्या काट्यावर १,५८,००० किलोमीटर झाले आहेत. गेल्या महिन्यात त्याने मला एक जाहिरात पाठवली. ईसीयूमधला, म्हणजे इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या संगणकातला, प्रोग्रॅम बदलून मिळेल, पिकअप पंचवीस टक्क्यांनी वाढेल आणि वर ॲव्हरेजही सुधारेल, असे तिच्यात म्हटले होते. खाली भाच्याचा एका ओळीचा प्रश्न होता : "मामा, करून घेऊ का?"

घरातल्या ज्येष्ठांचे उत्तर तयार होते : गाडी जुनी झाली आहे, तेव्हा ट्यूनिंग करायलाच हवे. हा घोटाळा शब्दाचा आहे. कार्बोरेटरच्या काळात ट्यूनिंग म्हणजे प्लग आणि पॉइंट साफ करणे, टॅपेट सेट करणे, स्क्रू फिरवून आयडलिंग बसवणे. झिजेमुळे जे बिघडले ते मूळ मापावर आणणे हा त्याचा हेतू होता, आणि ते जितके जुन्या गाडीला तितके उपयोगी. आज त्याच नावाखाली जे विकले जाते त्यात इंजिनाला मूळ मापाच्या पलीकडे नेले जाते.

या स्विफ्टमधले इंजिन फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट, नेमके सांगायचे तर १२४८ सीसीचे. हेच इंजिन पुंटोत होते, इंडिका व्हिस्टात होते, आणि पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनत असे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे रस्त्यावरची अशी प्रत्येक स्विफ्ट आता वापरून जुनी झालेलीच आहे. हे इंजिन ७५ आणि ९० अश्वशक्ती अशा दोन रूपांत मिळे. जाहिरातवाले "क्षमता आतच आहे, कंपनीने दाबून ठेवली आहे" असे सांगतात तेव्हा याच दोन आकड्यांकडे बोट दाखवतात. परंतु ९० अश्वशक्तीसाठी कंपनीला वेगळा, पाती फिरवून झोत बदलणारा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बसवावा लागला होता, हे मात्र ते सांगत नाहीत.

प्रोग्रॅम बदलल्याने काय होते ते थोडक्यात असे : डिझेल जास्त फवारले जाते, टर्बो जास्त हवा दाबतो, आणि टॉर्कवर, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोरावर, घातलेली मर्यादा वर सरकते. परिणामी ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब वाढतो. सिलिंडरमध्ये वरखाली सरकणाऱ्या पिस्टनला अश्वशक्तीचे काही देणेघेणे नसते, त्याला कळतो तो फक्त दाब. आधुनिक डिझेल इंजिनात पूर्ण जोरावर हा दाब १४० बारच्या, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या १४० पटींच्या, आसपास जातो. या इंजिनाच्या बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीचा, व्यास ६९.६ मिलिमीटर, म्हणजे पिस्टनच्या डोक्याचे क्षेत्रफळ ३८ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला तर पूर्ण जोरावरच्या प्रत्येक ज्वलनाला एका पिस्टनवर सुमारे साडेपाच टनांचा भार येतो. पाच स्विफ्ट एकावर एक रचून चहाच्या बशीहूनही लहान चकतीवर ठेवाव्यात, तसा. ताशी सरासरी ४० किलोमीटर आणि इंजिनाचे मिनिटाला १८०० फेरे धरले, तर दर दोन फेऱ्यांना एक ज्वलन या हिशेबाने भाच्याच्या गाडीतल्या प्रत्येक पिस्टनने असा कमीअधिक भार आजवर सुमारे २१ कोटी वेळा सोसला आहे.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो, तो म्हणजे पिस्टनची रिंग. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते, कारण तापल्यावर पिस्टन फुगतो. ती फट बुजवते एक कापलेली धातूची कडी. १८५२ च्या सुमारास जॉन रॅम्सबॉटम या इंग्लिश रेल्वे अभियंत्याने वाफेच्या इंजिनासाठी ही कापलेली रिंग आणली. तिच्या स्वतःच्या स्प्रिंगच्या जोराने ती भिंतीवर जेमतेम एक-दोन बारचा दाब देते. मग १४० बारचा वायू ती अडवते कशी? खुबी अशी की तो वायूच तिला मदत करतो. पिस्टनच्या खाचेत रिंग थोडी सैल असते. वायू वरून त्या खाचेत शिरतो, रिंगेच्या पाठीमागे जातो आणि तिला बाहेर, भिंतीवर रेटतो. दाब जितका जास्त, तितकी रिंग घट्ट. ज्याला अडवायचे त्याच्याच जोरावर अडवायचे, अशी ही रचना आहे.

मात्र ज्या दाबाने रिंग घट्ट बसते, त्याच दाबाने ती भिंतीवर घासलीही जाते. तिला वाचवते ती दोहोंमधली ऑइलची पातळ साय, फार तर काही मायक्रॉन जाडीची. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. ही साय किती जाड राहील हे ऑइलचा दाटपणा आणि सरकण्याचा वेग यांच्या गुणाकाराला भाराने भागले की ठरते. जर्मन अभियंता रिचर्ड श्ट्रिबेक यांच्या नावाचा जो आलेख घर्षणशास्त्रात शिकवतात, त्याच्या आडव्या अक्षावर हाच भागाकार असतो. तो पुरेसा मोठा असेल तर रिंग ऑइलवर तरंगते; तो शून्याकडे गेला की धातू धातूला टेकतो. पिस्टन वरच्या टोकाला पोचून परत फिरतो त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो, आणि ज्वलनाचा दाबही जवळपास तिथेच कळसाला पोचतो. अंश शून्याकडे आणि छेद मोठ्यात मोठा, असा हा क्षण आहे. म्हणून बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही, वरच्या रिंगेच्या थांब्यापाशी सर्वांत जास्त झिजतो. हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उतरवल्यावर जुने मेकॅनिक बोअरच्या वरच्या काठावर आतून नख फिरवतात. नख अडले तर कड पडली आहे, म्हणजे तिच्या खालची भिंत खाल्ली गेली आहे.

यातून एक गोष्ट निघते जी जाहिरातीत कधीच नसते. ट्यूनिंगचा जो परिणाम लोकांना सर्वांत आवडतो तो म्हणजे १५०० ते २००० फेऱ्यांवरचा जोर, गिअर न बदलता घाट चढण्याचे सुख. पण कमी फेऱ्यांवर जास्त टॉर्क म्हणजे संथ पिस्टनवर मोठा दाब, म्हणजेच वरच्या भागाकाराचा सर्वांत वाईट कोपरा. त्यात जुन्या इंजिनात रिंगेच्या खाचेत काजळी धरलेली असेल, तर वायू रिंगेमागे नीट पोचत नाही आणि तो खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या तळाच्या भागात, निसटतो. अशा इंजिनात दाब वाढवला की गळती वाढते, गळणारा तप्त वायू भिंतीवरचे ऑइल जाळतो, आणि त्यातून आणखी काजळी धरते.

किलोमीटरचा आकडा यातले काहीच सांगत नाही. हायवेवर वेळच्या वेळी ऑइल बदलत दोन लाख किलोमीटर चाललेले इंजिन शहरात ऐंशी हजार चाललेल्यापेक्षा धडधाकट असू शकते. इंजिनाची खरी अवस्था कळण्यासाठी लीक-डाउन, म्हणजे गळती मोजण्याची, चाचणी आहे. पिस्टन वरच्या टोकाला आणून, गाडी गिअरमध्ये अडकवून, ग्लो प्लगच्या, म्हणजे थंड इंजिन तापवणाऱ्या कांडीच्या, भोकातून सात बारच्या आसपास हवा सोडतात आणि किती टक्के निसटते ते मोजतात. दहाच्या आसपास ठीक, विशीच्या पुढे शंका. हवा ऑइलच्या झाकणातून फुसफुसली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

ॲव्हरेजच्या दाव्याबद्दलही थोडे सांगतो. बाजारात मिळणाऱ्या काही डब्या इंधनाच्या दाबाचा सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसतात आणि दाब खरा असतो त्यापेक्षा कमी आहे असे ईसीयूला कळवतात. ईसीयू दाब वाढवतो, प्रत्यक्षात जास्त डिझेल जाते, पण हिशेब जुन्याच दाबाचा होतो. म्हणून डॅशबोर्डवरचे ॲव्हरेज वाढलेले दिसते आणि पंपावरचे बिलही वाढते. टाकी काठोकाठ भरून, किलोमीटर टिपून, पुन्हा भरून भागाकार करणे हीच खरी मोजणी. इंधनाच्या नळीला लोहचुंबक बांधणाऱ्यांना तर मी बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांच्याच रांगेत बसवतो; लिंबू निदान स्वस्त असते. आणि "ईजीआर बंद करून देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊच नये. तो प्रदूषण रोखणारा भाग आहे, आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांना आडवे येते.

भाच्याच्या गाडीची चाचणी गेल्या शनिवारी झाली. चार सिलिंडरांची गळती टक्क्यांत अशी निघाली : ९, ११, २६, १०. तिसऱ्या सिलिंडरच्या वेळी मेकॅनिकने ऑइलचे झाकण काढून भाच्याला तिथे कान लावायला सांगितले, आणि कुकरची शिट्टी बसण्यापूर्वी येतो तसा बारीक आवाज त्याने बराच वेळ ऐकला. जाहिरातवाल्याला देण्यासाठी काढलेले पैसे आता रिंगांच्या सेटसाठी ठेवले आहेत. हेड कधी उतरवायचे ते गॅरेजवाल्याची तारीख मिळेल तेव्हा ठरेल.