पार्श्वभूमी: विजापूरचा गोल घुमट कशावर उभा आहे

विजापूरला गेलेला जवळजवळ प्रत्येक माणूस गोल घुमटाच्या सज्जात चढतो, टाळी वाजवतो, प्रतिध्वनी मोजतो आणि खाली उतरतो. घुमटाखालच्या कमानींकडे मान वर करून पाहणारे थोडेच. खरे कर्तब त्या कमानींत आहे. घुमटाचा आकार आणि सज्जातला आवाज ही दोन्ही त्यांचीच फळे आहेत.

हा मकबरा मुहम्मद आदिलशहाचा. तो १६२७ साली गादीवर आला तेव्हा त्याचा बाप, दुसरा इब्राहिम आदिलशहा, शहराच्या पश्चिमेला इब्राहिम रौझ्यात विसावला होता. मलिक संदलने उभारलेल्या त्या इमारतीत दगडावरचे कोरीवकाम इतके नाजूक आणि भरगच्च आहे की त्याच वाटेने पुढे जाऊन तिच्यावर मात करणे जवळपास अशक्य होते. मुलाने आणि त्याच्या कारागिरांनी दुसरी वाट धरली: नक्षी जवळजवळ सोडून दिली आणि आकारमानावर भर दिला. दरबाराची स्थितीही त्याला अनुकूल होती. १६३६ मध्ये शहाजहानशी तह झाला, निजामशाहीचा मुलूख वाटला गेला, शहाजीराजे आदिलशाही चाकरीत आले आणि विजापूरच्या फौजा कर्नाटकात उतरल्या. उत्तरेकडची धास्ती कमी झाली आणि दक्षिणेतून पैसा येऊ लागला.

या इमारतीचा शिल्पी म्हणून बऱ्याच ठिकाणी याकूत दाबुलीचे नाव दिले जाते. दाबूल म्हणजे कोकणातले दाभोळ. याकूतचे नाव विजापूरच्या जामा मशिदीतल्या मेहराबवरील, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावरील, लेखात आहे. मुहम्मद आदिलशहाच्या हुकमाने ती मेहराब सजवल्याचे वर्ष हिजरी १०४५, म्हणजे इसवी १६३५-३६, असे तिथे नोंदलेले आहे. त्यामुळे मेहराबच्या सजावटीचे श्रेय याकूतला निश्चितपणे देता येते. गोल घुमटाचे श्रेय मात्र परंपरेने दिलेले आहे.

आता प्रत्यक्ष इमारत पाहू. आतले दालन चौरस आहे, प्रत्येक बाजू १३५ फूट ५ इंच. म्हणजे १८,३०० चौरस फुटांहून थोडी जास्त जागा, आणि तिच्या मधोमध एकही खांब नाही. रोमच्या पॅन्थिऑनचे क्षेत्रफळ १५,८३३ चौरस फूट आहे, त्यामुळे एका घुमटाखाली झाकलेल्या जागेच्या हिशेबात विजापूर पुढे आहे. पण ‘जगातला दुसरा सर्वांत मोठा घुमट’ हे वाक्य सोडून द्यायला हवे. गोल घुमटाचा आतला व्यास १२४ फूट ५ इंच आहे. पॅन्थिऑनचा सुमारे १४२ फूट, रोमच्याच सेंट पीटर्सचा सुमारे १३७ फूट, आणि फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमटही याहून मोठा. इस्तंबूलची आया सोफिया आणि लंडनचे सेंट पॉल्स मात्र लहान आहेत. एवढा मान पुरेसा आहे, त्यात भर घालायची गरज नाही.

चौरसावर गोल बसवणे ही घुमट बांधणाऱ्याची जुनी अडचण. भिंती चार, कोपरे चार आणि वर वर्तुळ, त्यामुळे वर्तुळाच्या कडेखाली कोपऱ्यांत आधार उरत नाही. नेहमीचा उपाय म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात तिरकी कमान घालून चौकोनाचा अष्टकोन करायचा आणि त्यावर घुमट ठेवायचा. गोल घुमटात कोपरा असा नुसता छाटलेला नाही. प्रत्येक भिंतीवर दोन, असे एकूण आठ पाय आहेत. पायांमधले अंतर असे की आठही बिंदू जोडले तर जवळजवळ नियमित अष्टकोन होतो. कमान मात्र शेजारच्या पायाशी जुळत नाही, एक पाय सोडून पुढच्याकडे जाते: उत्तर भिंतीच्या डाव्या पायावरून निघालेली पूर्व भिंतीच्या डाव्या पायावर उतरते, उजव्यावरून निघालेली उजव्यावर. अशा आठ कमानी एकमेकींना छेदतात. नकाशात त्यांच्या रेषा पाहिल्या तर एकमेकांत गुंतलेले, ४५ अंशांनी फिरवलेले दोन चौरस दिसतात आणि त्यांच्या पोटात लहान अष्टकोन तयार होतो. भूमितीने हिशेब केला तर प्रत्येक कमानीचा पल्ला १०० फुटांच्या आसपास येतो.

भिंती जमिनीपासून सुमारे ५७ फूट सरळ चढतात. तिथून कमानी आणि त्यांच्यामधले भरीव बांधकाम आत झुकू लागते आणि वर ९७ फूट व्यासाचे गोल तोंड उरते. या तोंडाच्या काठावर घुमट बसवलेला नाही. तो १२ फुटांहून थोडा जास्त मागे सरकवून ठेवला आहे. मधे उरलेला पट्टा म्हणजेच जमिनीपासून साधारण ११० फुटांवरचा, सर्वांच्या ओळखीचा सज्जा.

छेदणाऱ्या कमानींची ही युक्ती विजापुरात नवी नव्हती. हेरात आणि खुरासानच्या तैमुरी इमारतींत ती पंधराव्या शतकात दिसते. विजापूरच्या जामा मशिदीत पहिल्या अली आदिलशहाच्या काळात, तालिकोटच्या लढाईनंतर, हीच मांडणी वापरून सुमारे ५७ फूट व्यासाचा घुमट उभारला गेला. गोल घुमटाच्या कारागिरांनी तोच आराखडा दुपटीहून मोठा केला. ऐकायला सोपे वाटते, पण माप दुप्पट झाले की वजन आठपट होते आणि ते पेलणारी जागा चौपटच वाढते. शिवाय मोठ्या घुमटाचा बाहेरचा रेटा कुठे न्यायचा, हा प्रश्न उरतोच.

घुमट विटांचा आहे, भरपूर चुन्यात बांधलेला. जाडी पायथ्याशी सुमारे १० फूट, माथ्याशी ९. बाहेरचा व्यास १४४ फूट. या मापांवरून ढोबळ हिशेब केला तर विटा आणि चुना मिळून पावणेआठ हजार घनमीटर भरतात, म्हणजे तेरा-चौदा हजार टन. अर्धगोलाकार घुमटात स्वतःच्या वजनाने काय होते ते ठरलेले आहे. माथ्यापासून साधारण ५२ अंश खाली येईपर्यंत प्रत्येक आडवे कडे आतून दाबले जाते, आणि वीट-चुन्याला दाब मानवतो. त्याखाली कडे बाहेर फाकू पाहते, ताण येतो, आणि ताण वीट-चुन्याला सोसत नाही. म्हणून घुमट बिघडला की पायथ्याकडून वर चढणाऱ्या उभ्या भेगा पडतात. सेंट पीटर्सच्या घुमटाला अशाच भेगा पडल्या आणि अठराव्या शतकात त्याला लोखंडी कडी घालावी लागली. फ्लॉरेन्सच्या बांधणाऱ्यांनी दगडी आणि लाकडी साखळ्या सुरुवातीलाच भिंतीत पुरल्या. विजापुरात हा रेटा मुख्यतः वजनाने रोखला आहे.

वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन याने एकोणिसाव्या शतकात याचे स्पष्टीकरण दिले, ते मला आजही पटते. घुमटाचा पायथा बाहेर सरकू पाहतो. त्याच्याच खाली, पण आतल्या बाजूला, छेदणाऱ्या कमानींचे प्रचंड बांधकाम लोंबते आहे. त्याचे वजन पायथ्याला आत ओढते. सगळे मिळून कुठे झुकलेच तर आत झुकेल, आणि गोल कडे आत पडू शकत नाही, कारण त्याचे दगड एकमेकांवर घट्ट दाबले जातात. नंतरच्या काही अभ्यासकांनी वेगळे मत मांडले: चुना इतका उत्तम आहे की घुमट एकसंध कवचासारखा वागतो आणि रेटा फारसा निर्माणच होत नाही. चुना उत्तम आहे हे खरे, पण साडेतीन शतके फक्त चुन्याच्या ताणशक्तीवर विसंबून काढता येत नाहीत. घुमट १२ फूट मागे का सरकवला, याचे उत्तरही फर्ग्युसनच्या मांडणीतच मिळते.

कमानींच्या पायांचेही पाहावे लागते. प्रत्येक पायावर दोन बाजूंनी दोन कमानी उतरतात. त्यांचे भिंतीला समांतर रेटे एकमेकांना काटतात आणि उरलेला रेटा सरळ बाहेर जातो. तो घ्यायला बेसॉल्ट दगडाच्या सुमारे १० फूट जाड भिंती आहेत आणि कोपऱ्यांवर सात मजली अष्टकोनी मनोरे आहेत. मनोऱ्यांतून जिना वर जातो, म्हणून लोक त्यांना जिन्याची खोली समजतात. पण त्यांचे वजन कोपऱ्यात नेमके हवे तिथे पडते.

घुमट बांधताना खालून पूर्ण ढोला, म्हणजे लाकडी साचा, लागतो असा समज आहे. १२४ फुटांचा ढोला ११० फुटांवर उभारायला किती लाकूड लागेल याचा विचार केला तरी तो समज डळमळतो. आडव्या थरांत बांधलेल्या घुमटाचे प्रत्येक कडे पूर्ण झाले की स्वतःच उभे राहते. धोका असतो तो कडे अर्धवट असताना, आणि माथ्याजवळ, जिथे थर जवळजवळ सपाट होतात. घाई केली तर मात्र काम फसते. जाड भिंतीच्या पोटातला चुना हवा न मिळाल्याने फार सावकाश घट्ट होतो. ओल्या थरांवर भराभर वजन चढवले तर खालचा भाग दबून आकार बिघडतो.

प्रतिध्वनीकडे आता वळता येईल. सज्जामागची भिंत गोल आणि गिलाव्याने गुळगुळीत आहे. त्यामुळे भिंतीशी कुजबुजलेला शब्द वळणावळणाने समोरच्या टोकाला पोचतो. टाळीचा आवाज ३८ मीटर पार करून समोर आदळतो आणि परत येतो, म्हणजे ७६ मीटर, सुमारे ०.२२ सेकंद. दोन आवाज वेगळे ऐकू यायला एवढा अवधी पुरतो, म्हणून टाळी दहा वेळा स्पष्ट मोजता येते. गर्दीत हे काही कळत नाही. पहाटे दार उघडल्याबरोबर जावे.

मुहम्मद आदिलशहा नोव्हेंबर १६५६ मध्ये वारला. दक्षिण दरवाजावर फारसी लेखाच्या तीन ओळी आहेत आणि प्रत्येक अक्षराला ठरलेला अंक धरून बेरीज केली तर तिन्हींतून हिजरी १०६७ हेच मृत्युवर्ष निघते. दालनातल्या चौथऱ्यावर दिसतात त्या वरच्या खुणा आहेत. खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत: सुलतान, त्याच्या दोन बेगमा, रंभा नावाची त्याची आवडती नर्तकी, मुलगी आणि नातू. इमारतीचे काम मात्र पूर्ण झाले नाही. गिलाव्याचे काम अर्धवट राहिले आणि उत्तरेला जोडलेली खोलीही तशीच आहे.

बांधकामाचा क्रम समजून घ्यायचा तर विजापूरजवळच्या ऐनापूरला जावे. तिथे जहान बेगमचा मकबरा याच धाटणीने सुरू झाला आणि मध्येच थांबला. मनोरे आणि मोठ्या कमानी उभ्या आहेत, पण कमानींमधल्या पडद्याच्या भिंती भरलेल्याच नाहीत. म्हणजे वजन वाहणारा सांगाडा आधी आणि भिंती नंतर. गोल घुमटात गिलाव्याखाली झाकलेली गोष्ट इथे उघडी दिसते.

मुलाने, दुसऱ्या अलीने, बापावर मात करायचे ठरवले. त्याच्या मकबऱ्याचे, म्हणजे बारा कमानचे, जोते २१५ फूट चौरस आहे, गोल घुमटाहून मोठे. १६७२ मध्ये अली वारला तेव्हा काम कमानींपर्यंतच आले होते. तोवर शिवाजी महाराजांनी आदिलशाहीचा पश्चिमेकडचा मुलूख ताब्यात घेतला होता, तिजोरी आटली होती, आणि १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूरच जिंकले. तिथे छत कधीच चढले नाही.

घुमटाचा आकार पुढे मुंबईत अवतरला. विजापूर तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि सरकारी वास्तुविशारदांना ते ठाऊक होते. जॉन बेगने जनरल पोस्ट ऑफिसवर ६५ फूट व्यासाचा घुमट विजापुरी धर्तीवर चढवला. इमारत १९१३ मध्ये पूर्ण झाली. जॉर्ज विटेटने प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासाठी, पुन्हा तोच आदर्श घेतला. त्याची पायाभरणी १९०५ ची, बांधकाम १९१४ मध्ये पुरे झाले आणि लोकांसाठी ते १९२२ मध्ये उघडले. बाहेरून मालाडचा पिवळसर दगड आणि कुर्ल्याचा निळसर बेसॉल्ट, आणि आत घुमटाखाली नाशिकच्या एका वाड्यातून विकत घेतलेले लाकडी खांब आणि कमानी. पोस्टाच्या रांगेत उभे असताना वर पाहिले तर विजापूरशी असलेले हे नाते दिसते.